खरी नर्स

ती बोटानं कधी काही दाखवायची नाही, ओठांनी दाखवायची. "वॉकर कुठे ठेवलाय?" असं विचारलं की हनुवटी जराशी उचलून, दोन्ही ओठ पुढे काढून ती कॉरिडॉरच्या टोकाकडे तोंड करायची. हातातलं काम चालूच. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई मला वेडावतेय. दुसऱ्या दिवशी वाटलं, हिचा दात दुखत असावा. तिसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. तिचे दोन्ही हात एका आजोबांच्या पाठीखाली अडकलेले होते. अशा माणसानं दिशा दाखवायची तरी कशानं? महिन्याभरात मी घरी मंदारला साखरेचा डबा ओठांनी दाखवू लागले. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

तुमच्यापैकी कुणी फिलिपिनो माणसांच्या शेजारी राहिलं असेल, त्यांच्याबरोबर काम केलं असेल, तर ही खूण तुम्हाला माहीत असेल. मला नव्हती. मी नागपूरची. फिजिओथेरपी तिथेच शिकले, लग्नानंतर मंदारच्या नोकरीमुळे डेट्रॉइटजवळ नोव्हायला आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि एका रिहॅब सेंटरमध्ये लागले. रिहॅब म्हणजे, खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं घरी जाण्याआधी जिथे दोन-चार आठवडे राहून पुन्हा चालायला शिकतात ती जागा. ती तिथली सगळ्यात जुनी नर्स. साठीला आलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, केस बॉयकट आणि खिशात कायम आल्याच्या वड्या.

तिथल्या सगळ्या फिलिपिनो मुली तिला 'आते' म्हणायच्या. मला वाटलं, आत्या! एवढ्या लांब येऊन आपला शब्द सापडला म्हणून मी हरखून गेले. मी तिला सांगितलं, "आमच्याकडेही आत्या असते. वडिलांची बहीण."

"आमच्याकडे आते म्हणजे मोठी बहीण," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांची बहीण व्हायला मी म्हातारी दिसते का?"

मग मीही तिला आतेच म्हणू लागले.

तिच्या इंग्रजीत 'फ' नव्हता. मी तिच्या लेखी 'पिजिकल थेरपी'तली. सकाळी प्रत्येक खोलीत जाऊन ती विचारायची, "हाऊ डू यू पील टुडे?" एकदा मला म्हणाली, चार नंबरला कॉपी हवीय, तेवढी देशील? मी त्या गृहस्थांच्या व्यायामाच्या कागदाची झेरॉक्स काढून नेली. त्यांना कॉफी हवी होती. आते पोट धरून हसली. मी तरी कुठे शहाणी होते? मी 'व्हीलचेअर' म्हटलं की एक आजी दर वेळी म्हणायच्या, "व्हील नको गं, मला चिकन चालेल." व्हील म्हणजे वासराचं मांस, हे मला त्या आजींमुळे कळलं. आते म्हणाली, "इंग्रजीत 'व' दोन आहेत, तुझ्याकडे एकच, माझ्याकडे 'फ' नाहीच. दोघींचं मिळूनही एक इंग्रजी होत नाही बघ."

पण हा विनोद आमच्या दोघींचा होता. बाहेरच्यांनी केला की त्याची चव बदलायची.

एक आजोबा आले होते, गुडघा बदललेले. आते औषधं घेऊन आत गेली तर त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू नको. खरी नर्स पाठव." मी त्यांच्या पायाला पट्टा बांधत होते. माझे कान तापले. आते शांतपणे ट्रे घेऊन बाहेर गेली, दार लावून घेतलं, मनातल्या मनात दहा मोजले असतील, आणि दारावर टकटक करून पुन्हा आत आली. "गुड मॉर्निंग सर. मी खरी नर्स. मघाशी कोण आलं होतं, मला माहीत नाही. मी चौकशी करते." आजोबांना हसावं की रागवावं ते कळेना. त्यांनी गोळ्या घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात घरी जाताना ते तिचा हात सोडत नव्हते.

मी तिला म्हटलं, "कसं जमतं गं तुला?"

"नाही जमलं तर त्यांच्या गोळ्या राहतात," ती म्हणाली. "माझा राग मी गाडीत काढते. माझी गाडी खूप काही ऐकून घेते."

तिनं घरचं फारसं कधी सांगितलं नाही. मनिलाच्या दक्षिणेला समुद्रकाठी तिचं गाव. दोन मुली आजीपाशी वाढल्या, कारण आई इथे दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालत होती. मुली आता तिकडेच नोकरी करतात, त्यांना मुलं आहेत. एकदा जेवणाच्या सुट्टीत भाताचा डबा उघडता उघडता ती सहज म्हणाली, "माझी आई गेली ना, तेव्हा मी नऊ नंबरच्या आजींना जेवण भरवत होते. मुलीचा फोन आला. आजींचं अर्धं जेवण बाकी होतं." मग "त्या हळू जेवायच्या," एवढंच म्हणाली आणि मला अर्धा मासा वाढला. मी मासे खात नाही हे तिला माहीत होतं. त्या दिवशी मी खाल्ला.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते. ही सांगताना मला स्वतःला चांगलं म्हणवून घेता येत नाही, म्हणून इतके दिवस टाळत होते.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक मराठी काका आले. खुब्याचं ऑपरेशन झालेले. साताऱ्याकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गेली सहा-सात वर्षं मुलाकडे राहणारे. मुलगा समीर, गाड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि मंदारच्या टीमचा लीड. आमच्या ग्रीन कार्डाची फाइल त्याच कंपनीतून जात होती. इथे राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगते, की अशा माणसाकडे गणपतीला गेलं की आपण जरा जास्तच हसतो.

मला पाहून काकूंना हायसं झालं. "चला, आपलं माणूस आहे इथे!" आणि मग आतेकडे नजर टाकून, ती समोर उभी असताना, मराठीत, "ही बुटकी चिनी कोण? आया आहे का?"

"नर्स आहे, काकू. इथली सीनियर नर्स. फिलिपिनो आहे."

"तेच ते. अगं, एखादी अमेरिकन नाही का मिळणार? तू सांगून बघ ना."

आते काकांची उशी सारखी करत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"तुझे आभार मानत होत्या," मी म्हणाले.

"तुमची भाषा मला येत नाही," ती म्हणाली, "पण तो आवाज येतो. इंग्रजीत आणि तुमच्या भाषेत अगदी सारखाच लागतो." आणि पुढच्या खोलीत गेली.

काका मात्र वेगळे. त्यांचं इंग्रजी सावकाश, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखं. तिचंही सावकाश. दोघांचं छान चालायचं. तिला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तुमच्या गावात शाळा कितवीपर्यंत आहे? एवढ्या वर्षांत एकाही पेशंटनं तिला असं काही विचारलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. पण एका बाबतीत काका हट्टी. बाथरूमला जायचं तर ते घंटी वाजवायचे नाहीत. बाईमाणसाला त्यासाठी बोलवायचं, ते त्यांना जमेना.

म्हणून त्यांच्या गादीखाली अलार्मची पट्टी घातलेली होती. माणूस उठायला लागला की ती वाजते आणि नर्स धावत येते. तो आवाज कर्कश असतो, हे खरं. एका शुक्रवारी दुपारी मी काकांना चालवून परत पलंगावर बसवत होते. काकू आणि समीर भेटायला आलेले. नीट बसण्यासाठी काका पुन्हा जरासे उठले, अलार्म वाजला, तसा समीरनं वाकून तो बंद करून टाकला. आते आली. तिनं तो पुन्हा चालू केला आणि समीरसमोर उभी राहून, पलंगाकडे ओठ काढून, अगदी हळू सांगितलं, "सर, प्लीज, डोन्ट टर्न इट ऑप. इप ही गेट्स अप, ही विल पॉल."

समीर हसला. "ऑप? व्हॉट ऑप?" मग आईकडे वळून मराठीत म्हणाला, "हिला धड 'ऑफ' म्हणता येत नाही आणि ही आपल्याला शिकवणार. इप ही पॉल! कोण पॉल?"

काकू हसल्या. आणि मीही हसले. मोठ्यानं नाही. ओठांच्या कडेला यावं तेवढंच. लीडच्या विनोदाला हसतात तेवढंच. आते तिथेच उभी होती.

रविवारी दुपारी काका पडले. समीर भेटून गेल्यावर अर्ध्या तासानं ते एकटेच उठले, बाथरूमच्या दारात पाय अडकला आणि मनगट मोडलं. खुबा वाचला. अलार्म बंद होता. पडल्याचा आवाज ऐकून सगळ्यात आधी आते पोहोचली. उचलायला माणसं येईपर्यंत ती फरशीवर त्यांच्याजवळ बसून राहिली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.

सोमवारी समीरचं दोन पानी पत्र आलं. नर्सचा निष्काळजीपणा. नर्सचं इंग्रजी समजण्यापलीकडचं, त्यामुळे कुटुंबाला महत्त्वाच्या सूचना कळल्याच नाहीत. अशा नर्सना पेशंट कसे सोपवले जातात? चौकशी होईपर्यंत आतेला घरी बसवलं. तक्रार खरी ठरली असती तर प्रकरण तिच्या लायसन्सपर्यंत गेलं असतं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी निवेदन मागवलं.

संध्याकाळी समीरचा मला फोन. "तू तर होतीस ना शुक्रवारी. फार काही लिहू नकोस. तिचे उच्चार कळत नाहीत, एवढंच लिही. ते काय खोटं आहे का? आणि हे बघ, आपल्या माणसांनी एकमेकांना सपोर्ट नाही केला तर कोण करणार यार?" मग जाता जाता, "मंदारची फाइल पुढच्या महिन्यात मूव्ह होईल असं दिसतंय."

त्यानं धमकी दिली, असं मी म्हणणार नाही. त्यानं फक्त दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली.

मी लिहिलं, 'पडण्याच्या वेळी मी तिथे नव्हते. उच्चारांतील फरकामुळे कधी कधी गैरसमज होऊ शकतो.' दोन्ही वाक्यं खरी होती. इतकं सराईत खोटं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

बुधवारी आते कागदांवर सही करायला आली. तिला सगळी निवेदनं वाचायला देण्याची पद्धत असते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती ऑफिसातून बाहेर आली, मला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि हातात एक डबा दिला. शेवयांसारख्या बारीक नूडल्स, भाज्या घातलेल्या. "तुझ्या डब्यात मासे नाहीत," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझं इंग्रजी किती सुंदर आहे गं. स्वच्छ. एक चूक नाही." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मंदारला सगळं सांगितलं. माझ्या हसण्यासकट.

तो आधी म्हणाला, "अगं, आत्ता? फाइल पाठवायच्या वेळी?" मग कप खाली ठेवून म्हणाला, "क्लायंटच्या कॉलवर मी बोललो ना, की समीर दर वेळी म्हणतो, 'लेट मी रिफ्रेज व्हॉट मंदार सेड.' मी जे बोललो तेच तो पुन्हा बोलतो. फक्त 'र' जरा गोल करतो. आणि सगळे म्हणतात, 'ओह, नाऊ आय गेट इट.'" त्यानं हे मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. मग उठून कप विसळत, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "लिही तू. फाइलचं बघू."

मी त्याच सकाळी पहिलं निवेदन मागे घेतलं आणि दुसरं दिलं.

शुक्रवारी बैठक झाली. आमच्या डायरेक्टरबाई, समीर, मी आणि आते. तिनं तपकिरी कोट घातला होता आणि ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. काकांना बोलावलं नव्हतं. पण बैठक सुरू होताहोता दार ढकलून ते आले, व्हीलचेअरवर, मनगटाला प्लॅस्टर, मागे ढकलायला काकू. "माझ्या पडण्याविषयी," ते इंग्रजीत म्हणाले, "मीटिंग आहे, तर मी हजर असावं."

डायरेक्टरबाईंनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. शुक्रवारी नर्सनं अलार्म बंद न करण्याची सूचना माझ्यासमोर दिली. सूचना हळू आणि स्पष्ट होती. रुग्णाच्या मुलाला ती पूर्ण कळली, कारण त्यानं लगेच तिच्या उच्चारांची नक्कल केली आणि 'ते पडतील' या तिच्या वाक्यावर विनोद केला. न कळलेल्या वाक्यावर विनोद करता येत नाही. तो विनोद मला कळला. मी हसले. मी तेव्हा हसायला नको होतं, आणि पहिल्या निवेदनात हे लपवायला नको होतं.

समीरचा चेहरा लाल झाला. "दॅट वॉज अ जोक. तू कॉन्टेक्स्ट सोडून बोलतेयस." मग मराठीत, हळूच, "हे तू बरं नाही केलंस."

"इंग्रजीत बोल," काका त्याला म्हणाले. "सगळ्यांना कळू दे." मग डायरेक्टरबाईंकडे वळून त्यांच्या त्या फळ्यावरच्या इंग्रजीत बोलू लागले. "मॅडम, मला या सिस्टरचा प्रत्येक शब्द कळतो. माझ्या मुलालाही कळतो. रविवारी अलार्म त्यानं बंद केला, पण मीच त्याला सांगितलं होतं. मी छत्तीस वर्षं शाळेची घंटा ऐकली आहे. मला पलंगातून घंटा नको होती." ते दम घ्यायला थांबले. "आणि मी या बाईंना बोलवायला लाजलो. ती माझी चूक. माझ्या चुकीसाठी तिला घरी बसवू नका."

काकू मागे उभ्या होत्या. त्यांना सगळं इंग्रजी कळलं नसेल. पण नवऱ्याच्या खांद्यावरचा त्यांचा हात मला दिसत होता. तो हलत नव्हता.

आतेला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? तिनं कोटाचं बटण लावलं. "आय वॉन्ट टु नो," ती म्हणाली, "सर जेवताहेत का नीट? उजवं मनगट मोडलंय. त्यांना चमच्याची जाड मूठ लागेल. दिलीय का कुणी?"

कुणीच दिली नव्हती.

सोमवारी ती कामावर परत आली. तक्रार मागे घेतली गेली. समीरनं माफी मागितली नाही, आणि आतेनंही तिची वाट पाहिली नाही. तो भेटायला आला की ती अदबीनं बोलायची, काकांची स्थिती सांगायची आणि निघून यायची. मी म्हटलं, "तुला राग नाही येत?"

"त्याच्या वडिलांची काळजी घेणं माझं काम आहे," ती म्हणाली. "तो मला आवडणं माझं काम नाही."

आमची फाइल अडली नाही. ती त्याच्या हातात जितकी आहे असं तो भासवायचा तितकी कधी नव्हतीच. त्या वर्षी गणपतीचं बोलावणं मात्र आलं नाही. मंदारनं टीम बदलून घेतली. क्लायंटच्या कॉलवर आता तो स्वतः बोलतो, आणि न कळल्यास लोक त्याला पुन्हा विचारतात. विचारलं की तो पुन्हा सांगतो. एवढं सोपं होतं ते.

काकूंचं मला सगळ्यात नवल वाटलं. एक दिवस त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हिला हाक काय मारायची? नुसतं 'सिस्टर' बरं वाटत नाही." मी म्हटलं, "आते म्हणा." "आत्या?" "तसंच म्हणा, चालेल." त्या दिवसापासून काकू तिला आत्याबाई म्हणू लागल्या. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत त्या तिच्याशी नातवंडांबद्दल बोलायच्या. पहिल्या दिवशी आपण काय म्हणालो होतो, याविषयी त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण काका घरी गेले त्या दिवशी त्यांनी आतेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग काय करावं न सुचून स्वतःच रडल्या. आते दिवसभर ते कुंकू लावून फिरली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला बढती मिळालीय."

माझं आणि तिचं बोलणं बैठकीनंतर काही दिवसांनी झालं. दुपारची वेळ होती, आम्ही दोघी चादरींच्या खोलीत होतो. मी म्हटलं, "आते, सॉरी."

ती चादरींच्या घड्या मोजत होती. "कशासाठी? पहिल्या कागदासाठी, की हसलीस त्यासाठी?"

मी एक चादर उगाच उलगडून पुन्हा घडी घालू लागले.

"कागदाचं सोड. भीतीनं माणूस कागदावर काहीही लिहितो. मीही लिहिलंय." ती घड्यांवरून हात फिरवत राहिली. "पण तू हसलीस ते लागलं मला. तो हसला तर मी गाडीत ओरडते आणि घरी जाते. तू हसलीस त्या दिवशी मी गाडीत नुसती बसून राहिले."

मग तिनं चार चादरी माझ्या हातांवर ठेवल्या. "जा. सहा नंबरच्या बाई तुझी वाट बघतायत."

तुम्हाला वाटेल, तिनं माफ केलं का? मलाही तेव्हा तेच विचारायचं होतं. पण नंतर नंतर लक्षात आलं, की ती रोज माझ्याशी बोलत होती, रोज माझं जेवण झालं का विचारत होती, आणि जे लागलं ते लागलं असंही सांगत होती. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात, हे मी तिच्याकडून शिकले. मी मात्र तेव्हापासून एक ठरवलं. आपल्या लोकांत कुणी तिच्यासारख्यांबद्दल काही बोललं, की मी तिथेच, मराठीतच विचारते, "म्हणजे काय?" पुष्कळदा एवढ्यावरच लोक गप्प होतात. काही जण मला बोलवायचे बंद झाले. त्यांच्याकडचं जेवण चांगलं असायचं, एवढीच खंत आहे.

या मार्चमध्ये आते निवृत्त झाली. ती कायमची गावी जाणार होती, नातवंडांना शाळेतून आणायला. पार्टी नको म्हणाली, केक नको म्हणाली. शेवटच्या दिवशीही तिनं सकाळी सगळ्या खोल्यांत जाऊन सगळ्यांना कसं वाटतंय ते विचारलं, नव्या नर्सला प्रत्येक पेशंटची एकेक गोष्ट सांगितली. कोणाला दूध चालत नाही, कोणाचा मुलगा येतो म्हणतो आणि येत नाही. तीन वाजता सही करून ती निघाली. मला मिठी मारली.

मी एका बाईंना खिडकीशी उभं राहायला शिकवत होते, म्हणून मला पार्किंग दिसत होतं. सकाळी बर्फ पडून गेलेला, सगळीकडे राखाडी चिखल. आते गाडीपाशी पोहोचली, दार उघडून आडवी बसली आणि पाय बाहेर काढून तिनं कामाचे पांढरे बूट काढले. मग मोजेही काढले. पिशवीतून सोनेरी पट्ट्यांच्या सपाता काढल्या, समुद्रकाठी घालतात तशा, आणि त्या थंडीत उघड्या पायांत चढवल्या. बूट उचलून ती चिखलातून पचक पचक चालत कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली, झाकण उघडलं, आधी एक टाकला, मग दुसरा. हात झटकले. आणि थंडीनं पाय उचलत, जवळजवळ नाचतच, गाडीकडे परत आली.

"काय बघतेयस?" माझा हात धरून उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही उभ्या राहा. छान उभ्या आहात."